न खणलेला खड्डा

त्याचा बूट पडला तो थेट तिच्या ओल्या रंगावर.

नुसता पडला असता तर एक वेळ चाललं असतं. पण स्वारी तशीच पुढे निघाली, फुटपाथ ओलांडून चहाच्या टपरीपाशी पोचली आणि मागे लाल ठशांची एक झकास रांग सोडून गेली. ती हातातला रंगाचा डबा तसाच धरून बघत राहिली. सकाळपासून कंबर मोडून तिने त्या रस्त्याखालची विजेची केबल हुडकली होती. आता बघणाऱ्या कोणालाही वाटलं असतं की ती केबल मध्येच वळून टपरीवर चहा प्यायला गेली आहे.

"अहो, ऐकलंत का?" तिने टपरीवर जाऊन त्याला गाठलं. "तुमच्या बुटांमुळे हायटेन्शन केबलला फाटा फुटलाय."

त्याने खाली बघितलं, मग मागे बघितलं, मग तिच्याकडे.

"कुठपर्यंत आलाय फाटा?"

"तुमच्या कपापर्यंत."

"मग हा कप धरू की ठेवू?"

तिला हसायचं नव्हतं... पण हसू आलंच. त्याने टपरीवाल्याकडून एक फडकं मागून घेतलं, गुडघ्यावर बसून आपलेच ठसे एकेक करून पुसले आणि मग थंड झालेला चहा प्यायला. पुसताना तो घाई करत नव्हता. कडेचा थेंबसुद्धा त्याने सोडला नाही, आणि हे तिच्या लक्षात राहिलं.

रस्ता रुंद व्हायचा होता. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर फुल्या मारून झाल्या होत्या, झाडांच्या बुंध्यांवर आकडे पडले होते. ज्यांच्या पायऱ्या आणि पुढच्या खोल्या जाणार होत्या ती माणसं दारात उभी राहून प्रत्येक कामगाराकडे, यानेच आपलं घर पाडायला काढलंय अशा नजरेने बघायची. नवा रस्ता येण्याआधी जमिनीखालचा सगळा संसार हलवावा लागतो. पाण्याच्या लाइनी, गॅसचे पाइप, विजेच्या केबली... कोणी कधी पुरल्या आणि कुठून वळवल्या हे धड कोणालाच ठाऊक नसतं. नकाशे असतात, पण काढणाऱ्याने ते बहुतेक जेवण झाल्यावर डोळा लागता लागता काढलेले असतात. म्हणून सगळ्यांच्या आधी ती यायची. हातात लांब दांडीचं लोकेटर, कानांवर हेडफोन, पाठीवरच्या पिशवीत रंगाचे डबे. लोकेटर जमिनीवरून फिरवत नेलं की केबलच्या डोक्यावर आल्यावर ते कुईं करायचं, आणि ती तिथे खूण करायची. लाल म्हणजे वीज, निळा म्हणजे पाणी, पिवळा म्हणजे गॅस. कामगारांनी तिला नाव ठेवलं होतं रंगारीण.

त्याला सगळे डॉक्टर म्हणायचे. तो केबली जोडायचा. जुन्या केबलच्या कडेने नवा चर खणायचा, त्यात नवी केबल टाकायची, आणि शेवटी एक दिवस वीज बंद करून जुनीचं टोक नवीला जोडून द्यायचं. हातमोजे घालून, छोट्या सुरीने तो केबलचे पदर असे सोलायचा की बघणाऱ्याने श्वास रोखून धरावा. बोलायचा कमी. शिव्या तर अजिबात द्यायचा नाही, आणि त्या धंद्यात ही गोष्ट नवलाचीच होती.

दुसऱ्याच दिवशी दोघांची जुंपली. तिने जिथे लाल रेघ ओढून शेजारी खोली लिहिली होती, नेमका तिथेच तो चार माणसांकडून पहारीने आणि फावड्याने खड्डा खणून घेत होता. मशीन बाजूला नुसतं धूर सोडत उभं होतं आणि ते चालवणारे मामा कॅबिनमध्ये दात कोरत बसले होते.

"माझी खूण चुकली असं वाटतंय का तुम्हाला?"

"नाही."

"मग उकरताय कशाला?"

"बघायला."

"काय बघायला? केबल दीड हातावर आहे. लिहिलंय मी शेजारी."

"वाचलं. अक्षर छान आहे," तो म्हणाला आणि पुन्हा खड्ड्यात वाकला.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. मामांनी मग तिला समजावलं की डॉक्टर सगळ्यांच्याच खुणांवर ट्रायलचा खड्डा घेतो, तिच्या एकटीच्या नाही. ज्या म्हाताऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली तो तयार झाला, त्याने त्याला बजावून ठेवलं होतं की खूण म्हणजे दुसऱ्याने सांगितलेली गोष्ट, आधी हाताने खणायचं, केबल डोळ्यांनी बघायची आणि मगच मशीनला बोलवायचं. नियम सगळीकडे तोच आहे. पण घाईगर्दीत तो पाळणारी माणसं विरळा, आणि हा एक हट्टी.

खड्ड्यात केबल निघाली, दीड हातावरच. तिने त्याच्याकडे अशी काही नजर टाकली की त्याने डोक्यावरचं हेल्मेट काढून हातात घेतलं.

तिथून सुरू झालं. तो रोज सकाळी लोकेटरकडे बघून विचारायचा, "मांजर काय म्हणतेय आज?" ती सांगायची की मांजर कालपासून रुसली आहे, कारण काही लोकांना तिचं बोलणं खरं वाटत नाही. तो मांजरीसाठी म्हणून दुधाचा चहा आणायचा आणि तो प्यायची ती. पुढे 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही सांगता आलं नसतं. घरी आई विचारायला लागली, धुळीतच जायचंय तर रोज केस कसले धुतेस, आणि लेक ताकास तूर लागू देत नव्हती.

रस्ता मात्र दिवसेंदिवस ओसाड होत चालला होता. वरच्या टोकाकडून घरांचे दर्शनी भाग पाडायला सुरुवात झाली होती. भिंत गेलेल्या खोल्यांमधून निळे-हिरवे रंग, खुंट्या, आरशाची रिकामी जागा असं सगळं उघड्यावर आलेलं दिसायचं. एक म्हातारी आपल्या न उरलेल्या पायरीच्या जागी खुर्ची टाकून बसायची आणि रंगारीण समोरून गेली की तोंड फिरवायची. अशा वेळी तिला आपल्याच कामाची शिसारी यायची. तो काही समजूत काढायला जायचा नाही. नुसता शेजारून चालत राहायचा, तिच्या हातातलं लोकेटर काढून आपल्या खांद्यावर घ्यायचा.

एकदा भुरभुर पाऊस लागला होता आणि जोड अर्धवट सोडता येण्यासारखा नव्हता. चरावर छोटा तंबू ठोकून तो आत बसला. दिवा धरायला कोणी नव्हतं, म्हणून ती आत गेली. वर ताडपत्रीवर थेंब वाजत होते, आत जेमतेम दोन माणसांची जागा.

"बोलायचं नाही का इथे?" तिने हळूच विचारलं.

"बोल. शिंकू नकोस."

"आणि शिंक आलीच तर?"

"मग पुन्हा पहिल्यापासून. तुला तेवढा वेळ इथे बसावं लागेल."

"...धमकी आहे की आमंत्रण?"

तो हसला. सुरीने त्याने बाहेरचं काळं आवरण उतरवलं, मग आतल्या तारा मोकळ्या करून मागे वळवल्या, मग तांब्याची पट्टी, मग आणखी एक पदर. धुळीचा एक कण आत राहिला तरी कधी ना कधी तो जोड फुटतो, असं त्याने सांगितलं. शेवटी जोडाशेजारी त्याने केबलचं एक वेटोळं करून ठेवलं.

"एवढी जास्तीची कशाला?"

"ढील ठेवायची. जोड बिघडला तर कापून पुन्हा करायला पुरली पाहिजे. जुने मिस्त्रीसुद्धा ठेवायचे."

"म्हणजे बिघडणार हे तू आधीच धरून चालतोस?"

"धरून नाही चालत. पण पुढे जो कोणी इथे बसेल, त्याचं अडू नये."

ती त्याच्या हातांकडे बघत होती. लांब, सरळ बोटं, नखं बारीक कापलेली, आणि केबलच्या त्या पांढऱ्या गाभ्यावरून ती अशी फिरत होती की तिला त्या केबलचा चक्क हेवा वाटला. आपला या माणसावर जीव जडला आहे हे तिला तिथे, दिवा धरून, कळून चुकलं. दिवा हलला. तो वर न बघता म्हणाला, "हात दुखला का?" तिने नाही म्हटलं. पुढे काय झालं ते माहीत असताना त्या हातांविषयी लिहिणं जड जातं, पण ते तसे होते हे सांगायलाच हवं.

आता एवढं सगळं असताना घोडं कुठे पेंड खात होतं? त्या खड्ड्यापाशीच. तो तिच्यासाठी वाट वाकडी करून यायचा, तिच्या पाण्याच्या बाटलीत आधी पाणी भरायचा, आणि तिच्या प्रत्येक रेघेवर माणसं लावून खड्डा घ्यायचा. तिला ते टोचायचं. आधी थट्टेत म्हणायची, मग थट्टेचा रंग उतरत गेला.

"सगळ्यांचा माझ्या खुणेवर विश्वास आहे," ती एका संध्याकाळी म्हणाली. "एकट्या तुझाच नाही."

"तुझ्यावर आहे. खुणेचं वेगळं."

"मी आणि माझं काम वेगळं कुठे आहे? तुझे हात आणि तू वेगळे आहात का?"

बराच वेळ तो बुटाच्या टोकाने माती उकरत राहिला, आणि तिला वाटलं आपण जिंकलो. खरं म्हणजे तिला भांडण जिंकायचं नव्हतंच. आपल्यासाठी हा माणूस काय सोडू शकतो एवढंच तिला बघायचं होतं. प्रेमात पडलेल्या पोरी असलं काही ना काही बघत असतात. बहुतेकींचं त्यात फार तर एखादा सिनेमा नाहीतर एखादी संध्याकाळ जाते.

काही दिवसांनी बंद पडलेल्या बेकरीच्या भिंतीपाशी काम आलं. मागून डांबरवाले घाई करत होते. माणसं पहारी घेऊन पुढे झाली, तेवढ्यात त्याने हात वर करून त्यांना थांबवलं आणि रस्त्याच्या पलीकडे तिच्याकडे बघितलं.

"नक्की?"

"डोळे मिटून," ती म्हणाली.

त्याने मशीनला खूण केली. मामांनी भुवया उंचावल्या, मशीनचा दात जमिनीत घातला आणि चर सरळ खणला गेला. केबल तिने सांगितलेल्या जागी, चराच्या बाहेर, सुरक्षित होती. मामा उतरता उतरता पुटपुटले, डॉक्टरांनी नाडी बघणं सोडलं वाटतं. ती ऐकायच्या मनःस्थितीत नव्हती. कोणी हातात फुलं ठेवली असती तरी तिला एवढं सुख वाटलं नसतं.

मग तेच त्यांचं गुपित झालं, सगळ्यांसमोर चालणारं. तो माणसांना बाजूला करायचा, तिच्याकडे बघायचा, मशीनला बोलवायचा, आणि ती भर उन्हात लाल व्हायची. त्यानेही एक दिवस सांगून टाकलं की हा रस्ता संपला की ताईला भेटायला यायचं. ताई म्हणजे त्याची मोठी बहीण. आईबाप गेल्यावर शिलाईकाम करून तिनेच त्याला वाढवलं होतं. तिच्या कानावर त्याने घातलं होतं म्हणे.

"काय घातलंस कानावर?"

"की एक रंगारीण आहे. नाकावर राग असतो."

"आणि?"

"आणि... बाकीचं तूच सांग."

ते सांगायची वेळ आली, पण अशी यायला नको होती.

शाळेच्या कोपऱ्यावर ती सकाळी खूण करत होती. लोकेटर तिथे नेहमीसारखं एका जागी ओरडलं नाही. चांगल्या दोन हात रुंदीवर ते कुरकुरत राहिलं, डावीकडे नेलं तरी आणि उजवीकडे नेलं तरी. असं झालं की रेघ ओढायची नसते. तिथे चौकट आखायची, आत तिरक्या रेघा मारायच्या आणि आधी हाताने खणा असं लिहायचं. हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. पण तो समोर उभा होता, दोन्ही हातांत चहाचे कप, तिच्याकडे कौतुकाने बघत. त्याच्यासमोर चाचपडायचं तिच्या जिवावर आलं. तिने आवाजाच्या मधोमध एक रेघ ओढली, एका दमात, सरळ. मग कप घेतला.

पुढचं फार झटकन झालं. मशीनने रेघेपासून ठरलेलं अंतर सोडून खणायला घेतलं. दुसऱ्या का तिसऱ्या बकेटमध्ये विटांचे तुकडे आले. जुने मिस्त्री केबलवर विटा रचून ठेवायचे, खणणाऱ्याला आधी वीट लागावी म्हणून. ते तुकडे कॅबिनमधून मामांना दिसण्यासारखे नव्हते. त्याला दिसले. तो दोन्ही हात वर करून मशीनच्या पुढ्यात धावला, थांबा म्हणून ओरडला, आणि बकेट खाली आली.

खाली जुन्या जोडाची ढील होती. कोण्या मिस्त्रीने पुढच्याचं अडू नये म्हणून ठेवलेलं वेटोळं, तिच्या रेघेपासून हातभर बाहेर आलेलं.

पांढरा उजेड झाला आणि मागाहून आवाज. तिला नंतर आठवायचं ते एवढंच, की रस्त्यावरच्या सगळ्या दुकानांमधले पंखे एकदम मंद होत होत थांबले. शाळेतली मुलं खिडक्यांशी गोळा झाली. मामा कॅबिनमध्ये सुखरूप होते आणि लहान मुलासारखे रडत होते. तो चराच्या कडेला बसला होता, शुद्धीवर, दोन्ही हात पुढे धरून, कोणाला काहीतरी द्यावं तसे. तिने त्या हातांकडे बघितलं.

डोळे वाचले. चेहऱ्याची एक बाजू भाजली, ती भरून येईल असं डॉक्टर म्हणाले, खरे डॉक्टर. उजव्या हाताची अंगठा सोडून बहुतेक बोटं काढावी लागली. डाव्या हाताची राहिली, पण ती वळतील याची कोणी हमी देत नव्हतं. ती दवाखान्याच्या बाकावर रोज जाऊन बसायची आणि आत जायचं धैर्य न होता परत यायची.

एक दिवस ताई बाहेर येऊन तिच्या शेजारी बसली. सडपातळ बाई, गळ्यात अजूनही मोजपट्टी अडकवलेली, कामावरून तशीच निघून आलेली. तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

"चौकशी बसणार आहे," ताई म्हणाली. "तो सांगणार आहे, ट्रायल घेतली नाही, चूक माझी एकट्याची. तसं सांगितलं की कंपनी मोकळी. त्याची नोकरी जाईल आणि पुढचे उपचार आमचे आम्ही बघायचे. मी विचारलं, खूण बरोबर होती का? तर भिंतीकडे तोंड करून झोपला."

ती बाकाची कड नखाने खरवडत राहिली.

"मला तुमच्या रेघेतलं कळत नाही. पण माझ्याकडे कापड चुकीचं कापलं गेलं तर मी आधी खडूची खूण बघते, कात्री नंतर." ताई उठली, पदर नीट केला. "त्याचे हात गेले. तुझे आहेत. काय सांगायचं ते तू ठरव, मी शब्द घालत नाही तुझ्या तोंडात."

चौकशी साइटवरच्या पत्र्याच्या ऑफिसात झाली. टेबलाच्या पलीकडे तीन साहेब, अलीकडे तो, मामा आणि ती. त्याचे हात पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळून मांडीवर ठेवलेले होते. तिच्याकडे त्याने बघितलं नाही. त्याने ठरवल्याप्रमाणे सांगितलं की घाई झाली, ट्रायल घेतली नाही, खूण बरोबर होती. मधल्या साहेबांनी समाधानाने मान हलवली आणि विचारायचं म्हणून तिला विचारलं, तुम्हाला काही सांगायचं आहे का?

रात्ररात्र तिने या प्रश्नाचाच विचार केला होता. मान हलवून नाही म्हटलं तर उद्या तिचं काम चालू राहणार होतं. आणि खरं सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार होतं, परक्या माणसांसमोर, टेबलावर मांडून.

ती उभी राहिली.

"खूण बरोबर नव्हती. यंत्र तिथे दोन हात रुंदीवर बोलत होतं. अशा ठिकाणी आम्ही चौकट आखतो आणि आधी हाताने खणायला सांगतो. मी रेघ ओढली."

"का?"

"हे बघत होते."

मामांनी मान वर केली. ती त्याला अरे-तुरे करायची हे साऱ्या साइटला ठाऊक होतं. हे 'हे' तिच्या तोंडून कुठून आलं ते तिलाही कळलं नाही.

"म्हणजे?" साहेबांनी विचारलं.

"यांच्यासमोर मला चाचपडायचं नव्हतं. आणि यांनी घाई केली हे खोटं आहे. हे कधीच घाई करत नाहीत, कोणालाही विचारा. प्रत्येक खुणेवर हाताने खड्डा घ्यायचे. मीच मागे लागले होते, विश्वास असेल तर माझ्या खुणेवर उकरू नका म्हणून. माझ्यावर प्रेम होतं म्हणून यांनी उकरलं नाही, आणि माझं यांच्यावर होतं म्हणून मी सरळ रेघ ओढली. एवढंच कारण आहे. तुम्हाला लिहून घ्यायचं असेल तर घ्या."

मधल्या साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मामा खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर रोलर खडी दाबत जात होता.

"खाली बस," तो हळू आवाजात म्हणाला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

तिचं काम गेलं. पुन्हा कुठल्याही रस्त्यावर तिला खूण करू देणार नव्हते, आणि तिने ते मुकाट्याने ऐकून घेतलं. खूणच चुकीची निघाल्यावर कंपनीला हात झटकता आले नाहीत. त्याचे उपचार चालू राहिले आणि पुढे गोदामात नोंदी बघायचं काम मिळालं. पण त्याने ताईकरवी निरोप पाठवला, भेटायला येऊ नकोस. ती गेली नाही. एका रंगाच्या दुकानात तिला नोकरी मिळाली. दिवसभर लोकांच्या भिंतींसाठी रंग ढवळून द्यायची, आणि कोणी लाल मागितला की दुसऱ्या पोरीला पुढे करायची.

रस्ता झाला. काळाभोर, गुळगुळीत, मधोमध दिवे. कापलेल्या घरांना नवी दर्शनी भिंत आली. तिच्या सगळ्या खुणा डांबराखाली गेल्या. एका रविवारी ती त्या रस्त्यावरून चालत निघाली ती थेट ताईच्या दारात पोचली. निरोप मोडायचा हे काही तिने ठरवलं नव्हतं, पण परत फिरायचंही नव्हतं.

दार त्याने उघडलं, कोपराने कडी सरकवून. चेहऱ्याच्या एका बाजूला नव्या कातडीची चकाकी होती.

"आलीस कशाला?"

"बघायला."

"काय बघायला?"

तिला आठवलं, त्यालाही आठवलं असावं. तो दारातून बाजूला झाला. आतल्या खोलीत ताईचं शिलाई मशीन चालू होतं.

"सगळ्यांसमोर सांगितलंस," तो म्हणाला. "माझा मूर्खपणा निदान माझ्यापाशी तरी राहू द्यायचास."

"निम्मा माझा होता. माझा मी उचलला."

तो खुर्चीत बसला. हात टेबलाखाली गेले.

"दया येते म्हणून आलीस?"

"दया येते. खोटं कशाला सांगू. पण नुसत्या दयेने आले असते तर हातात फळं असती आणि आत्तापर्यंत निघाले असते." ती टेबलाशी आली. "प्रेम आहे माझं. तेव्हा होतं त्यापेक्षा... जड झालंय, पण आहे."

"मी एकदा न उकरता विश्वास ठेवला."

"माहीत आहे."

"पुन्हा तसं जमायचं नाही मला. मी विचारत राहीन. आज विचारेन, उद्या विचारेन. तू चिडशील."

"विचार. रोज विचार. माझ्या नुसत्या शब्दावर तू कधी राहू नकोस."

आतलं शिलाई मशीन थांबलं होतं. त्याने हात टेबलावर काढून ठेवले, तिच्यासमोर, उघडे. तिने नजर हलवली नाही.

"हे असेच राहणार. जोड करता येणार नाही, सुरी धरता येणार नाही. माझ्या शर्टाची बटणं तू लावायची."

"लावेन."

"आणि एखाद्या दिवशी तुला वाटलं, की हा संसार नाही, ही आपली शिक्षा चालू आहे... तर?"

नाही, कधीच नाही, असं तिच्या ओठांवर आलं होतं. एका दमात सांगून टाकावं असं. तिने ते गिळलं. बाहेर नव्या रस्त्यावरून गाड्या जात होत्या.

"माहीत नाही," ती म्हणाली. "वाटेलही कदाचित एखाद्या दिवशी. वाटलं तर तुला सांगेन. लपवणार नाही."

तो तिच्याकडे बघत राहिला, आणि मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याचा चेहरा सैल झाला. डोळे भरून आले, आणि ते पुसायला त्याला धड हात नव्हते. तिने पुसले. आतलं मशीन पुन्हा सुरू झालं, जरा जास्तच जोरात.

लग्न साधं झालं. मामा आले होते. त्यांनी दोघांच्याही डोक्यावर हात ठेवला. संसारही साधाच आहे, आणि सोपा नाही. कधी रात्री त्याची न उरलेली बोटं दुखतात. कधी तिला स्वप्नात पंखे थांबलेले दिसतात. पण सकाळी ती त्याच्या शर्टाची बटणं लावायला घेते तेव्हा तो विचारतो, "आज काय?" आणि ती जे असेल ते सांगते. बरं आहे. आज जड वाटतंय. आज तुझा राग आलाय. बहुतेक दिवशी म्हणते, प्रेम आहे, आणि तो मान हलवून कामाला निघतो.

परवा त्याला उशीर झाला होता. तिने वरचं बटण लावलं, तो दारापर्यंत पोचलासुद्धा.

"थांब," ती म्हणाली. "आज विचारलं नाहीस."

"घाईत आहे गं."

"घाई नको. विचार."

तो परत फिरला, पायांतल्या बुटांसकट खोलीत आला आणि त्याने विचारलं.